उभ्याने खायची सुशी

शोगोचं नाव निघालं की माझ्या पोटात दुखतं. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी कितीही सभ्यपणे बोललो तरी तुम्ही फसणार नाही.

शोगो नऊ वर्षं माझ्या हाताखाली होता. पहिली तीन वर्षं भांडी आणि भात, मग मासे साफ करणं, आणि शेवटी काउंटरमागे माझ्या शेजारी उभं राहून सुशी वळणं. सगळं मीच शिकवलं. गेल्या वसंतात त्याने कामेइदो स्टेशनच्या मागच्या गल्लीत, माझ्या दुकानापासून सहा मिनिटांवर, स्वतःचं दुकान काढलं. दुकान कसलं, बोळ! खुर्च्याच नाहीत. उभ्याउभ्या खायचं आणि वीस मिनिटांत वाट धरायची. दहा सुशी आणि सूप, दोन हजार आठशे येन. माझ्याकडे आठ खुर्च्या, एकसंध लाकडाचा काउंटर, आणि जेवण अठरा हजारांचं.

"उभ्याने घोडे खातात," मी बायकोला म्हणालो.

"घोडे रांग लावत नाहीत," फुसाए म्हणाली.

रांग खरंच लागायची. एकदा त्या रांगेत मला कुवाबारा डॉक्टर दिसले. दातांचे डॉक्टर, अकरा वर्षं दर महिन्याला माझ्याकडे येणारे. मला पाहून त्यांनी छत्री उघडून तोंडासमोर धरली. पावसाचा थेंब नव्हता.

मासळी बाजारात चौकशी केली, तर व्यापारीही माझाच. आम्ही मिरवणारे लोक जे घेत नाही ते शोगो उचलायचा. आकाराने लहान मासे, खवले निघालेले, ट्यूनाचा शेपटीकडचा भाग. मासा तोच, तेवढाच ताजा, फक्त दिसायला गरीब. हे मला आधी सुचलं नाही म्हणून माझा आणखी जळफळाट झाला.

शेवटी मी फुसाएला म्हणालो, "तू जाऊन खाऊन ये. कसं करतो ते मला सांग."

"तुम्हीच जा की."

"तू गेलीस तर गिऱ्हाईक. मी गेलो तर हरलो."

ती गुरुवारी दुपारी गेली. परत आली तेव्हा मी दारातच उभा होतो.

"कसं होतं?"

"ठीक."

"आणि कोहादा?" कोहादा म्हणजे चंदेरी अंगाचा छोटा मासा. आधी मिठात, मग व्हिनेगरमध्ये मुरवायचा. जरा जास्त राहिला की वाया गेला. माझ्या दुकानाचं नाव त्याच्यावरच टिकून आहे.

"तो अजून एकदा खाऊन बघावा लागेल," ती म्हणाली.

पुढच्या गुरुवारीही ती गेली. त्याच्या पुढच्याही. पाचव्या गुरुवारी हेरगिरीला जाताना तिने ओठांना लाली लावली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुम्हाला वाटेल, म्हातारा बायकोवर संशय घेतोय. तसं नाही. सव्वीस वर्षं रोज माझ्या भाताचा पहिला घास तिच्या जिभेवर पडतो. ती नुसती मान हलवते, आणि मग मी दुकान उघडतो. ती जीभच तिकडे गेली, तर माझ्याकडे राहिलं काय? लाकूड.

सहाव्या गुरुवारी मी तिच्या मागोमाग गेलो.

"उस्ताद!" शोगो काउंटरमागून ओरडला. "सरका हो जरा, माझे उस्ताद आलेत!"

सगळ्यांनी अंग चोरून जागा केली. मला फुसाएच्या शेजारी उभं राहावं लागलं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि काहीच झालं नाही अशा थाटात आल्याचा काप चावत राहिली. शोगोने दोघांसमोर एकेक कोहादा ठेवला.

मी खाल्ला. वाईट असता तर मी आनंदाने त्याला मिठी मारली असती. चांगला होता. व्हिनेगर माझ्यापेक्षा जरा सौम्य, आणि भात तोंडात अलगद सुटला. काहीतरी खोट काढायलाच हवी म्हणून मी इकडेतिकडे पाहू लागलो, आणि ती मला सापडली. सुशी उजव्या हाताच्या बोटांनी उचलता यावी अशी तिरकी ठेवायची असते; फुसाएच्या समोरची उलट्या बाजूला तिरकी होती.

"हे काय?" मी सगळ्यांदेखत म्हणालो. "नऊ वर्षं घालवलीस आणि सुशी ठेवता येत नाही? ही डावखुऱ्यासाठी झाली!"

फुसाएने डावा हात पुढे केला, दोन बोटांनी सुशी सहज उचलली आणि तोंडात टाकली.

"तुम्हीच शिकवलंत, उस्ताद," शोगो हळूच म्हणाला. "आधी गिऱ्हाइकाचा हात बघायचा. वहिनी पहिल्यांदा आल्या तेव्हाच दिसलं."

"अरे, पण ही उजवी आहे! चॉपस्टिक उजव्या हातात, सुरी उजव्या हातात..."

"ते आजीने छड्या मारून शिकवलेलं," फुसाए म्हणाली. "बोटांनी खाताना मी डावीच आहे."

"सव्वीस वर्षांत मला कसं नाही दिसलं?"

"दिसणार कसं? मी वाडग्यात खाते, चॉपस्टिकने. माशाचे उरलेले तुकडे, भातावर घालून, मागे मोरीपाशी." भाजीचा भाव सांगावा तसं तिने सांगितलं. आवाजात जराही राग नव्हता. राग असता तर मला भांडता आलं असतं.

इतकी वर्षं मी अनोळखी लोकांचे हात बघत आलो. मंत्र्यांच्या सचिवांचे, जोडप्यांचे, दातांच्या डॉक्टरांचे. घरच्या हाताकडे बघायचं राहिलं, आणि माझ्याच हाताखालच्या पोराला ते पहिल्या दिवशी दिसलं. शोगोचा इतका हेवा मला रांग बघूनही वाटला नव्हता.

"आज संध्याकाळी तू काउंटरवर बस," मी म्हणालो. "तुझ्यासाठी मी वळतो. सगळं जेवण."

"खुर्ची आहे का रिकामी?"

"डॉक्टरांची आहे."

तिने ओल्या रुमालाला बोटं पुसली आणि खरोखर विचार केला.

"पण मी तिथे बसले," ती म्हणाली, "तर लोकांना चहा कोण देणार?"

शोगोने मान खाली घातली आणि तिच्यासमोर पुढची सुशी ठेवली, तिच्या हाताला येईल अशी.