खनिज फोडायचे दगड

तांब्याची खाण बंद पडली, माणसं पांगली आणि मागे उरली ती एकटी म्हातारी. दिवसदिवस तिच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. बोलायचं कुणाशी, भिंतींशी? म्हणून उत्खनन करणारी बाई वही घेऊन दारात आली, तेव्हा म्हातारीला आभाळ ठेंगणं झालं.

खाणीच्या तोंडाशी ओळीने मोठे दगड सापडले होते, प्रत्येकाला मधोमध वाटीएवढा खळगा. ते कशाचे, एवढंच बाईला विचारायचं होतं. त्यात काय अवघड? म्हातारीने सांगून टाकलं, की बायका त्यांवर खनिज ठेवून हातोडीने फोडायच्या. हिरवट तुकडे टोपलीत, बाकीचा दगड मागच्या ढिगावर. खळगे त्या घावांचे. टोकाचा दगड तिच्या आईचा. शेजारी टोपलीत तान्ही लेक निजलेली, तिला कपच्या लागू नयेत म्हणून आईने कडेची जागा मागून घेतलेली. ती लेक म्हणजे हीच. बाईने भराभरा लिहून घेतलं, चहा प्यायला, वही मिटली. आता ही कशाला परत येतेय! म्हातारी घाईघाईने बोलून गेली, की ओढ्याकाठी खनिज धुवायचा हौदही होता.

कसला हौद नि कसलं काय! पण बाई रोज येऊ लागली. रोज चहा, रोज गप्पा. म्हातारीही रोज हौदाला एकेक पायरी जोडत गेली. तिकडे ओढ्याकाठी चार माणसं आठवडाभर नुसती माती उपसत होती.

शनिवारी बाई आली ती दमून, मातीने माखून. कामाची मुदत संपली होती. हौदासाठी आणखी आठ दिवस मिळावेत म्हणून ती साहेबांच्या हातापाया पडणार होती. म्हातारीला राहवेना. तिने सगळं कबूल केलं.

बाई रागावली नाही, हेच जास्त लागलं. तिने हौदाच्या पानांवर काट मारली. मग मागे जात जात पहिल्या दिवसाच्या पानावर थांबली.

"ते खरं आहे गं," म्हातारी म्हणाली. "माझी आई तिथंच बसायची."

"मावशी, आता हे मी कशावरून मानू?"

साक्ष द्यायला होतं कोण? सगळे कधीच गेलेले. बाईने त्याही पानावर रेघ ओढली आणि निघताना हळूच सांगितलं, अहवालात एवढंच येईल: दगड सापडले, तिथे कोण बसायचं ते कळत नाही.