फळीचे सात तुकडे

आई पलंगाच्या कडेला पाय सोडून बसली, की तिच्या टाचा आणि फरशी यांच्यामध्ये चांगली वीतभर हवा उरायची. त्या वीतभर हवेपायी आई घर सोडून निघाली होती.

चार महिन्यांपूर्वी मांडीचं हाड मोडलं म्हणून ती लेकीकडे आली. हाड जुळलं, काठी घेऊन खोलीभर फिरताही येऊ लागलं. पण पलंगावरून उतरायचं किंवा वर चढायचं म्हटलं, की कुणाला तरी हाक मारावी लागे. ज्या बाईने उभ्या जन्मात इतरांच्या हाकेला ओ दिली, तिला स्वतः हाक मारणं म्हणजे जिवावर यायचं. तासन्‌तास ती अवघडून बसून राही, आणि विचारलं तर म्हणे, "छे गं, मी आपली मजेत बसलेय."

मंगळवारी तिने एकदाचं सांगून टाकलं. "रविवारी दादा येतोय ना, मी त्याच्याबरोबर जाते. त्याच्याकडे बुटका पलंग आहे."

"दादा आणि वहिनी सकाळी आठला बाहेर पडतात. दिवसभर भिंतींशी बोलणार का तू?"

"भिंती उलट उत्तर तरी देत नाहीत."

लेक कपडे शिवायची. गल्लीत तिला सगळे शिवणवाली म्हणत. तिने मशीन थांबवलं. "आणि तुझं तुला उतरता आलं तर?"

"तर राहीन की," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "पण कसं येणार?"

तो कसं येणारचा सूर शिवणवालीने बरोबर ओळखला. आईलाही जायचं नव्हतं. फक्त तसं म्हणायचं नव्हतं.

नवरा बेकरीतून आला तो नेहमीसारखा भुवयांपर्यंत पीठ माखून. सगळं ऐकून तो म्हणाला, "पलंगाचे पाय कापू या."

"पेटीचा पलंग आहे तो! पाय असते तर कापले असते ना!"

खरंच होतं. घर दीड खोलीचं, त्यात गिऱ्हाइकांच्या कापडांची गाठोडी पलंगाच्या पोटातच मावायची. बाजारातून प्लॅस्टिकचं स्टूल आणून झालं होतं. ते आईच्या पायाखालून सटकलं. दुसरं आणलं ते इतकं उंच, की त्यावर चढायला तिसरं लागलं असतं. हव्या होत्या दोन बुटक्या, रुंद पायऱ्या, दोन्ही पावलं शेजारी शेजारी राहतील अशा.

तळमजल्यावरच्या सुतारकाकांनी हातच जोडले. "शाळेची बाकं करतोय, पोरी. पंधरा दिवस मान वर करायला फुरसत नाही."

"मग हत्यारं द्या. मी करते."

काकांनी कानावरची पेन्सिल काढून तिच्याकडे पाहिलं. "कधी केलंयस?"

"लग्नाचा कोट शिवलाय मी. फळीला तर बाह्याही नसतात."

काका हसले. एक करवत, हातोडी, एक पटाशी आणि काटकोन बघायचा गुण्या असा संसार त्यांनी तिच्या ओच्यात घातला. "पहिला ओरखडा करवत मागे ओढून काढायचा. अंगठ्याचं पेर पात्याला टेकवून ठेव. आणि जोर लावू नकोस, करवतीचं वजन करवतीला पुरतं."

फळी घरातच सापडली. दारावरच्या माळ्याची होती, जाड आणि चांगली मुरलेली. शिवणवालीने कागदावर बेत काढला. दोन पायऱ्या, दोन उंच बाजू, दोन बुटक्या बाजू आणि मागून आधाराला एक आडवी पट्टी, असे सात तुकडे. मग फ्रॉकचं कापड बेतावं तसे ते तिने फळीवर एकाला एक लावून असे काही बसवले, की फळी संपली आणि तुकडेही संपले.

"बघितलंत? चिंधीसुद्धा उरत नाही."

"वा!" नवरा म्हणाला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण इतक्या वर्षांच्या संसारात वा कुठे म्हणायचं ते कळलं होतं.

काम गॅलरीत मांडलं. गॅलरी ती काय, करवत मागे ओढली की कोपर भिंतीला आणि पुढे ढकलली की टोक कठड्याबाहेर. दोन खुर्च्यांवर फळी आडवी ठेवली, पण ती करवतीबरोबर पुढेमागे पळायला लागली.

"अहो, बसा."

"कुठे?"

"फळीवर. बेकरीत इतकी वर्षं चाखत आलात, ते आज कामाला येऊ दे."

नवरा बसला. फळी जागच्या जागी गप्प झाली. दार उघडं होतं, त्यामुळे पलंगावरून आईला सगळं दिसत होतं. तिने चष्मा पुसून घातला.

"डावीकडे चाललीय तुझी."

"कळतंय मला."

"कळतंय तर जाऊ का देतेस?"

पहिला काप घ्यायला अर्धी दुपार गेली आणि तो गेला तिरका. सरळ करायला परत एक चकती कापावी लागली. दुसरा बरा गेला. तिसऱ्याला तिने जोर लावणं सोडलं, आणि करवत एकाएकी सुरात चालायला लागली. भुसा पायावर ऊन ऊन पडू लागला. ती इतकी खूश झाली, की नवऱ्याला उठवून तिने त्यालाही दोन हात मारून बघायला लावले. संध्याकाळी दोघं समोरासमोर जेवायला बसले, तर एक पिठाने पांढरा, एक भुशाने पिवळी.

"दोघांना मिळून तळून काढलं पाहिजे," आई म्हणाली.

शनिवारी दुपारी शेवटचा तुकडा उरला, दुसरी उंच बाजू. कापायचा प्रश्नच नव्हता, फळीचं उरलेलं टोक तेच. तिने तो पहिल्या बाजूशेजारी उभा केला. तुकडा बोटभर बुटका होता.

तिने टेप लावली. उलटी लावली. कागद काढून बेरीज केली. मग तो तुकडा काखेत मारून ती तरातरा खाली गेली.

"काका, ही फळी आटली!"

काकांनी कागदावरचा बेत पाहिला आणि बाकाला टेकून हसायलाच लागले. "अगं, हे कात्रीचं बेतणं झालं. कात्री मधलं काही खात नाही. करवत खाते, दर कापाला एक घास. हा भुसा काय आभाळातून पडला?"

शिवणवालीने आपल्या अंगावर पाहिलं. केसात, बाहीवर, चपलांत तिचं बोटभर लाकूड सांडलं होतं.

"दुसरी फळी द्या ना."

"बाकांच्या मोजून आल्यात. सोमवारी बघू."

सोमवारी कुणासाठी बघायचं? ती वर आली, तुकडे भिंतीशी टेकवले आणि मशीनसमोर बसून राहिली. मशीन काही सुरू केलं नाही.

थोड्या वेळाने पलंगावरून आवाज आला. "विजारीचा एक पाय आखूड झाला, तर काय करतेस?"

"दुसराही आखूड करते."

"मी तुला शिकवलं तेव्हा असंच शिकवलं होतं वाटतं." आई काठीच्या मुठीशी खेळत होती. "बोटभर खाली पायरी मला चालेल."

शिवणवालीने वळून पाहिलं. आई ताबडतोब खिडकीकडे बघायला लागली.

बोटभर जाडीची चकती कापणं हे पहिल्या सगळ्या कापांहून अवघड निघालं. करवत शेवटाला जरा घसरलीच. खिळे मारताना एकीकडे अंगठा सापडला, दुसरीकडे नवऱ्याचा सापडला. पण दिवे लागायच्या आत दोन पायऱ्या पलंगाला टेकून उभ्या होत्या. काकांकडून आणलेल्या पॉलिश पेपरने तिने कडा घासून घासून गुळगुळीत केल्या, खाली फरशीवर सरकू नये म्हणून जुन्या रबरी चपलेचे तुकडे ठोकले. मग नवऱ्याला वर उभं केलं, स्वतःही चढली, दोघांनी दोन उड्या मारल्या. डोलारा हलला नाही. फक्त घसरलेल्या कापाच्या जागी वरची पायरी नीट टेकली नव्हती; तिथे पाय पडला की ती कुई करायची.

"आई, ये, उतरून बघ."

"आत्ता? तुम्ही दोघं तोंडाकडे बघत बसणार, मी काय सर्कशीत आहे?"

रविवारी सकाळी दोघं गॅलरीत पाठमोरे उभे राहून भुसा झाडत होते. भुसा केव्हाच संपला होता. आत काठी टेकल्याचा आवाज झाला. मग बराच वेळ काहीच नाही. नवरा वळू लागला, तशी तिने त्याची बाही घट्ट धरली. स्वतःची मानही तिने कठड्यापलीकडल्या रस्त्याला जणू खिळ्याने ठोकून ठेवली होती.

कुई.

मग काठी. मग पाऊल. मग आणखी एक.

"चहा मीच टाकू का आता?" आई त्यांच्या मागे उभी होती, धापा टाकत, कानापर्यंत हसत. "का तेही आज करवतीनेच करायचंय?"

दहाला दादा आला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी बघून तो चक्रावला. "बॅग कुठे तुझी?"

"भरलीच नाही रे. तू बस, दमून आलायस."

"अगं, गाडी आणलीय! मागे उशा लावल्यात तुझ्यासाठी." त्याचा चेहरा उतरला. आईने त्याला पायऱ्यांवरच बसवलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "उशा राहू देत. दर रविवारी फिरायला ने मला. संध्याकाळी इथे आणून सोड." दादाने तेवढ्यावर चार बिस्किटं खाल्ली आणि तो पुष्कळसा निवळला.

काकाही काम थांबवून वर डोकावले. त्यांनी पायऱ्या हलवून पाहिल्या, गुण्या लावला, तोंड वाकडं केलं, मग सरळ केलं. वरच्या पायरीवर हात दाबला. कुई.

"एवढं एक राहिलंय. एक पातळ पाचर सारली की आवाज बंद. दोन मिनिटांचं काम."

शिवणवालीने स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहिलं. आई दादाला चहा ओतत होती.

"नको," ती हळूच म्हणाली. "मी मशीनवर असते ना, पाठ असते पलंगाकडे. आवाज आला की मला कळतं, ती उतरतेय."

काकांनी काढलेली पाचर परत खिशात टाकली.

"तिला मात्र सांगू नका," शिवणवाली म्हणाली. "तिला वाटतं, माझं काम कच्चं आहे."