जिन्यातला हिरवा दिवा

या, असे पुढे सरका. मागे बसून नीट ऐकू यायचं नाही. आज एका बाईची गोष्ट सांगतो. तिच्या हातून डोंगर हलला नाही की गाव तरलं नाही. तिनं आमच्या घराचे तीन मजले जोडले, एवढंच.

ती माझी थोरली वहिनी. लग्न होऊन आली तेव्हापासून घरातले निरोप तिनंच वाहिले. खालून वर चहा, वरून खाली रुसवे. रुसव्यातला निम्मा कडवटपणा ती जिन्यातच सांडून यायची. आता तिचे गुडघे कुरकुरू लागले होते आणि तळमजल्यावर बाबांनी अंथरूण धरलं होतं.

बाबा जन्मभर वरच्या खोलीत संध्याकाळी देवापुढे उभे राहून अभंग गायले. गाता गाता अर्थ सांगायचे, हसवायचे, रडवायचे. आता आम्ही वर गायचो आणि ते खाली छताकडे डोळे लावून पडायचे. एकदा वहिनीला म्हणाले, "सूनबाई, एकदा कानावर पडलं असतं तर बरं होतं."

वहिनीनं पदर खोचला.

इंटरनेट वरच्या मजल्यावर. बाबांच्या खोलीत फोनला रेंज नावालाही नाही. मधले स्लॅब सिग्नल गिळून टाकत. दुकानदाराला भंडावून वहिनीनं एक डबी आणली. वरचा सिग्नल धरायचा आणि खाली पोचवायचा, एवढंच तिचं काम. जिन्याच्या वळणावर भिंतीतल्या बटणाखालच्या प्लगमध्ये ती लावली.

मी म्हणालो, "वहिनी, हे काम तर तुमचंच. डबीला सून करून आणलीत की काय?"

"राबू द्या तिला, भावजी. मी आता सासू."

डबीचा हिरवा दिवा लागला. वहिनी खाली आली, तर बाबांच्या उशाचा फोन मुका. परत चढली, तर डबीचा दिवा विझलेला. "खोडसाळ आहे मेली," म्हणत तिनं बटण दाबलं आणि उतरली. फोन पुन्हा मुका. तिसऱ्या खेपेला ती बाबांच्या पायाशी मटकन बसली. वर मंडळी खोळंबलेली.

बाबा हळूच म्हणाले, "सूनबाई, तू उतरताना जिन्यात टक्‌ असं काय वाजतं गं?"

वहिनीनं कपाळाला हात लावला. जागा सोडली की बटण बंद, ही बाबांचीच शिस्त. इतकी वर्षं तिचा हात तिला न विचारताच ती पाळत होता.

"तुमचीच शिकवण, बाबा."

"शिकवण चांगलीच आहे. एवढं एक बटण सोडून दे."

बटण चालू करून मी वर गेलो आणि माझ्या फोनवरून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. आम्ही पहिली ओळ धरली. ध्रुपद आलं आणि फोनमधून बाबांचा आवाज आला, बारीक, पण सुरात. सगळे आपोआप सावरून बसले आणि बाबांच्या मागून गाऊ लागले. फोनच्या पडद्यावर बाबांच्या मागे वहिनी उभी होती. इतकी ताठ मान मी तिची कधी पाहिली नव्हती.

त्यानंतर बाबा रोज आवाजानं वर येत राहिले. मग एके दिवशी यायचे थांबले.

घरात बटणं अजून बंद होतात. वहिनी जिना उतरते, हात सवयीनं त्या बटणापाशी जातो, थबकतो आणि माघारी येतो. हिरवा दिवा तेवत राहतो.

तुमच्याही घरात कुणी असा एखादा दिवा उगाच लावून ठेवलेला दिसला, तर विझवण्याआधी आमच्या वहिनीची आठवण काढा.