कारण विचारायचं नसतं

सुबोध कुर्डूकरांना बिरुदेव वस्तीच्या शाळेतल्या बाईंचा राग आला, त्याचं कारण सांगायलाही लाज वाटावी इतकं क्षुल्लक होतं.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी जुळे सोलापुरातल्या मित्रांबरोबर एक मंडळ काढलं होतं. मंडळातर्फे होटगीच्या पलीकडच्या त्या वस्तीवर वह्या वाटायचं ठरलं. सुबोधरावांनी स्वतःचा फोटो टाकून बॅनर करून घेतला. मुलांना अंगणात रांगेनं उभं केलं, पण फोटोवाला काही येईना. ऊन चढलं. शेवटी मुख्याध्यापिका यशोदा वाघमोडे पुढं आल्या आणि म्हणाल्या, "वह्या ठेवून जा, सर. पोरांना चक्कर येईल. फोटो काय, नुसत्या बॅनरचाही निघतो."

मुलं हसली. मंडळातले दोघं हसले. सुबोधरावांची बायको चेतना, तीही तोंडाला रुमाल लावून हसली.

आठवडा उलटायच्या आत सुबोधरावांनी शिक्षण खात्याकडं माहिती अधिकाराखाली अर्ज टाकला. शाळेचा पट किती, रोज हजर किती, दुपारचं जेवण किती मुलांचं शिजतं? फळ्यावर लिहिलेल्या पटापेक्षा रांगेतली मुलं कमी होती, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं. अर्ज लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. कॉलनीतले दिवे, गटार, रस्ता, सगळं त्यांनी अर्ज टाकून करवून घेतलं होतं. "या कायद्याची मजाच ही," ते मित्रांना सांगत. "माहिती का हवी, हे कुणी विचारायचंच नसतं."

उत्तर आलं, पाठोपाठ चौकशीही लागली. पटावरची बरीच मुलं आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेली होती. पावसाळ्यात परत येतील म्हणून बाईंनी त्यांची नावं काढली नव्हती; उलट रोज हजेरी लावत होत्या. जादा धान्य कोठीत जसंच्या तसं सापडलं. पण खोटी हजेरी ती खोटीच. नावं कमी झाली, पट घसरला, शाळा बंद करून रुळापलीकडच्या मोठ्या शाळेला जोडली गेली. यशोदाबाईंची वेतनवाढ रोखली आणि त्यांची बदली माढ्याकडं झाली.

पेपरात चौकट आली. मंडळानं 'जागरूक नागरिक' म्हणून सुबोधरावांना शाल पांघरली. घरी आल्यावर चेतना शालीची घडी घालत म्हणाली, "बाईंचं वाईट झालं हो."

"खोटं लिहिलं होतं त्यांनी."

"लिहिलं होतं. पण तुम्ही अर्ज त्यासाठी कुठं टाकला होता?"

सुबोधराव पाणी प्यायला आत गेले. त्या दिवसापासून कुणी अर्जाचं कौतुक केलं की त्यांना ते नकोसं व्हायला लागलं. कॉलनीतला कुणी फाटकाशी थांबून पाठ थोपटायचा, आणि ते उगाच कुंडीतली माती उकरत बसायचे.

शेवटी एका सकाळी, मुलं नव्या शाळेत रुळली का एवढं पाहून येऊ, असं स्वतःला सांगत ते वस्तीवर गेले. शाळेला कुलूप होतं. ओसरीवर शेळ्या बसल्या होत्या. शेजारच्या अंगणात एक म्हातारी मिरच्या वाळत घालत होती. तिनं कपाळावर हात धरून पाहिलं.

"सायेब, शाळा उगडायला आलाव का?"

"नाही, मी... सहज आलो होतो."

"सहज कोण येतंय हितं? बसा की. च्या ठेवते."

तिचं नाव गोजाबाई. चूल फुंकता फुंकताच ती बोलत राहिली. "माजी नात हाय, संस्कृती. लई हुशार. आईबाप भट्टीवर जायाचे, पर बाई व्हत्या म्हनून पोरगी माज्यापाशी ऱ्हाऊन शिकायची. आता शाळा गेली रुळापल्याड. मालगाड्या उब्या असत्यात, पोरं डब्याखालनं वाकून जात्यात. कवा गाडी हालंल, सांगता येतंय व्हय? मी न्हाय धाडली. मग बापानं भट्टीवर नेली."

तिनं बशी पुढं केली. "कुन्या मुडद्यानं सोलापुरातनं अर्ज टाकला म्हनं. लेकरांनी त्येचं काय घोडं मारलं हुतं?"

'तो मुडदा मीच,' हे शब्द सुबोधरावांच्या घशापर्यंत आले आणि चहाबरोबर खाली गेले. निघताना म्हातारीनं त्यांच्या रुमालात भुईमुगाच्या शेंगा बांधून दिल्या. त्या शेंगा त्यांना घरी नेववेनात आणि टाकवेनातही. होटगी स्टेशनाबाहेर बसलेल्या एका बाईला देऊन ते रिकाम्या हातानं घरी आले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी माढ्याची एसटी धरली. यशोदाबाईंची नवी शाळा उसाच्या फडाला लागून होती. मधली सुट्टी झालेली. त्यांना पाहून बाई उठल्या नाहीत, दचकल्याही नाहीत.

"या. तुमच्या अर्जाचं उत्तर मीच तयार करून दिलं होतं. नाव वाचल्याबरोबर ओळखलं होतं."

"मला तुमची माफी..."

"थांबा. आधी एक विचारते. कायद्यानं विचारता येत नाही, म्हणून तेव्हा गप्प बसले. का मागितली होती माहिती?"

लोकहित, पारदर्शकता, गरिबांच्या तोंडचा घास. मंडळाच्या सभेत बोललेलं सगळं जिभेवर तयार होतं. सुबोधरावांनी मान खाली घातली.

"त्या दिवशी तुमच्यामुळं सगळे मला हसले, म्हणून."

बाई हळूच म्हणाल्या, "मला वाटायचं, तुम्हाला खरंच पोरांची काळजी वाटली असेल. हजेरी मी खोटीच लावली होती. तेव्हा झालं ते रास्तच झालं, असं म्हणत इतके महिने काढले. तेवढंही ठेवलं नाहीत तुम्ही माझ्याकडं."

आपण इथं काय करायला आलो होतो, ते सुबोधरावांना तेव्हा कळलं. छातीवरचा धोंडा उतरवायला ते आले होते, आणि तो त्यांनी या बाईच्या पदरात टाकला होता.

"मी काय करू, ते तरी सांगा," ते म्हणाले.

"माझ्यासाठी काही नको. शाळा लांब गेली की पोरांना गाडी द्यावी लागते. ती का मिळाली नाही, ते विचारा. अर्ज लिहायला तुम्हाला काय शिकवायचं!"

घंटा झाली. बाई वर्गावर गेल्या.

सुबोधरावांनी अर्ज केला. उत्तर आलं ते मोघम. त्यांनी अपील केलं. सुनावणीत असं निघालं की गाडीचा प्रस्ताव कुणी वर पाठवलाच नव्हता. मग ते त्या प्रस्तावामागं लागले. या टेबलावरून त्या टेबलावर, साहेब रजेवर, साहेब मीटिंगला. मंडळाच्या बैठकांना जाणं त्यांनी सोडलं. बाईंच्या वेतनवाढीसाठीही त्यांनी विनंती लिहिली; तिचं उत्तर कधीच आलं नाही.

जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा वस्तीवर एक जीप येऊन उभी राहिली. नवीन दप्तरं घेऊन पोरं आत चढली. सुबोधराव लांबून पाहत होते. जीप रुळावरच्या लांबच्या पुलाकडं निघून गेल्यावर ते गोजाबाईच्या अंगणात गेले.

"आजी, तो अर्ज मी टाकला होता."

म्हातारी सुपातलं धान्य पाखडत होती. सूप थांबलं.

"माज्या चुलीचा च्या पिऊन गेलाव, तवा म्हाईत हुतं तुमास्नी?"

"हो."

"मग आता जावा."

ते उठले. संस्कृती कधी येणार, हे विचारायचं त्यांना धाडस झालं नाही. जीपचा ड्रायव्हर कुमार वस्तीवरचाच होता. त्याच्याकडून कळलं की संस्कृतीचा बाप मानसिंग भट्टीवरून परस्पर पुण्याला बांधकामावर गेला आहे. कुमारनं नंबर दिला. सुबोधरावांनी फोन केला, गाडीचं सांगितलं. मानसिंग म्हणाला, "पोरगी आता धाकट्याला सांबाळती. बगू की." पुढं पुढं तो फोन उचलेनासा झाला. सुबोधराव करत राहिले.

एका रविवारी फोन एका मुलीनं उचलला. मागं काँक्रीट मिक्सरचा खडखडाट होता.

"कोन बोलतंय?"

"मी सोलापुरातून... संस्कृती का गं? वाचतेस का काही?"

"व्हय. वडापाव येतो, त्या कागदावरचं. धाकट्याला वाचून दावते. पर फुडचं फाटल्यालं असतंय."

कुणीतरी तिला हाक मारली आणि फोन बंद झाला.

सुबोधरावांनी फोन खाली ठेवला. चेतना भाजी निवडता निवडता त्यांच्याकडं पाहत होती.

"पुण्याला जायला पाहिजे," ते म्हणाले. "अर्ज मी टाकला होता, हे त्याच्या समोर उभं राहून सांगायला पाहिजे. तो काय बोलायचं ते बोलेल."

"तो हाकलून देईल तुम्हाला."

"देऊ दे."

चेतनानं भाजीची परात बाजूला सारली. "उद्या सकाळचीच गाडी बघा. मी येते. आणि जाताना पुस्तकं घेऊ, धड, न फाटलेली."