अकरा ओळींचा खेकडा

जुळारीकाकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली आणि परत काढली. टेबलापलीकडे लोककथा गोळा करायला विद्यापीठातून आलेल्या बाई रेकॉर्डिंगचं यंत्र सरळ करत होत्या. त्यांच्या मागे क्लबचा हिरवा झेंडा लावलेला होता, झेंड्यावर नांग्या उगारलेला खेकडा. तो आपल्यावरच डोळे वटारून आहे असं काकांना वाटलं.

"सावकाश सांगा काका," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

घाई काकांनाच होती. फुटबॉलच्या मैदानावर नवा स्टँड उभा राहिला होता आणि क्लबच्या सेक्रेटरीने ठरवलं होतं, की दारातल्या दगडावर खेकड्याची गोष्ट कोरायची. खाली लिहायचं : या काठची जुनी लोककथा. दगड आलाही होता.

गोष्ट गावात शेंबड्या पोरालाही पाठ होती. धक्क्याखाली, नदीच्या तळाशी एक म्हातारा खेकडा बसलेला आहे. काठ सोडून निघालेल्याची होडी तो नांगीत धरतो, आणि ज्याला परत यायचं नाही त्याला सोडतच नाही. म्हणून या काठचा संघ म्हणजे खेकडे. म्हणून सामना सुरू होताना शेजाऱ्याच्या दंडाला चिमटा काढायचा, मग शेजारी डॉक्टर असो की सासरा. पलीकडच्या काठचे लोक म्हणायचे, खेकडेच ते, यांच्या टोपलीला झाकण लागत नाही. एक वर चढला की पाय ओढायला बाकीचे आहेतच. त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पण पलीकडच्यांच्या झेंड्यावर नुसतं गिरणीचं चाक होतं. त्यांच्याकडे गोष्ट नव्हती, आणि ते त्यांना फार लागायचं.

अडचण एवढीच होती, की गोष्ट काकांनी रचलेली होती.

बेचाळीस वर्षांपूर्वी, काका छापखान्यात जुळारी असताना, सामन्याचं माहितीपत्रक छापायला घेतलं आणि शेवटच्या पानावर अकरा ओळींची जागा रिकामी राहिली. जाहिरात देणारा ऐनवेळी फिरला होता, मशीन खोळंबलं होतं. काकांनी कागदावर अक्षर न लिहिता, कप्प्यांतून शिशाच्या अक्षरांचे खिळे उचलत, थेट अकरा ओळी जुळवल्या. सुरुवातीला 'जुने नावाडी सांगतात' असं टाकलं. जुने नावाडी तोवर सगळे वारले होते, त्यामुळे तक्रारीला कोणी येणार नव्हतं. पुढच्या सामन्याला कोणीतरी पुठ्ठ्याचा खेकडा घेऊन आला, त्याच्या पुढच्याला पन्नास. मग काही बोलायची सोय उरली नाही.

काकांचं नाव होतं ते एका गोष्टीसाठी. त्यांच्या हातून चुकीचं छापलं जात नाही. लोक भांडणातसुद्धा म्हणायचे, काकांनी लावलंय म्हणजे बरोबरच असणार. आता ते खोटं दगडात जाणार होतं, आणि रविवारी सामना पलीकडच्यांशीच होता. खरं सांगावं तर गावाचं हसं, न सांगावं तर मेल्यावरही दारात उभं राहून खोटं बोलत राहायचं. रात्री त्यांनी आरशासमोर चारदा म्हणून बघितलं होतं : बाई, ती गोष्ट जुनी नाही, माझी आहे.

त्यांनी घसा साफ केला. तेवढ्यात बाईच म्हणाल्या, "काकूंचं मंगळवारीच रेकॉर्ड केलं आम्ही. फार छान सांगतात. त्यांनी ही गोष्ट लहानपणी आजीकडून ऐकली म्हणाल्या. आम्हाला सापडलेला सगळ्यात जुना धागा तोच."

काकांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. आता खरं बोलायचं म्हणजे बायकोला यंत्रासमोर खोटं पाडायचं. गोष्ट कुठेतरी ऐकली असेल, नीट आठवत नाही, असं काहीतरी पुटपुटून, दोन ग्लास पाणी पिऊन ते बाहेर पडले.

घरापर्यंत त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. जिने शेजारणीच्या नव्या पडद्यांनाही कधी खोटं चांगलं म्हटलं नाही, ती आपल्यासाठी खोटं बोलली.

काकू वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. काकांनी सवयीने समोरची दोन टोकं धरली.

"त्या बाईंना तू आजीचं कशाला सांगितलंस?"

"त्यांनी विचारलं म्हणून."

"अगं, ती गोष्ट मी रचलीय. अकरा ओळी कमी पडत होत्या."

बेचाळीस वर्षांत हे वाक्य ते पहिल्यांदा मोठ्याने बोलले होते. काकूंनी चादर ताणली, इतकी की काकांच्या हातातलं एक टोक सुटलं.

"तुम्ही? साधी चिठ्ठी लिहायची तर मला विचारता, काय लिहू म्हणून."

मग त्यांनी घडी घालता घालता सांगितलं. थोरलीला दात येत होते, रडून रडून घर डोक्यावर घेतलं होतं तिने. काका दिवसभर उभं राहून आले होते आणि गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून, डोळे मिटून बसले होते. काकू पोरीला मांडीवर घेऊन आजीचा खेकडा सांगत होत्या. पोरगी झोपली नाही, काका मात्र घोरायला लागले. चार दिवसांनी माहितीपत्रक घरी आलं, तेव्हा शेवटच्या पानावर खेकडा होता.

काका खाली बसले. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द त्यांच्या बोटांतून गेले होते. लग्नपत्रिका, नोटिसा, निवडणुकीची भाषणं. एकही डोक्यात शिरला नव्हता. कानातून काही शिरलं असेल, अशी शंकाही त्यांना कधी आली नव्हती. म्हणजे गोष्ट खरंच जुनी होती. त्यांनी खोटं लावलं नव्हतं. खांदे आपोआप खाली आले, आणि इतकी वर्षं ते वर धरले होते हे त्यांना तेव्हा कळलं.

मग त्यांनी मान वर केली.

"पण तुझी आजी तर पलीकडची."

"सगळं माहेरच पलीकडचं आहे माझं."

"म्हणजे खेकडा—"

"तिकडचाच. आजीबरोबर गेला. आता तिथे कोणाला आठवतसुद्धा नाही."

काका हसायला लागले. डोळे पुसून पुन्हा हसले. सेक्रेटरीचं तोंड डोळ्यांसमोर आलं तसे आणखी हसले.

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कोणाला सांगू? तिकडच्यांनी तुम्हाला चोर म्हटलं असतं, आणि इथल्यांनी मला सुखाने राहू दिलं नसतं." काकूंनी उशीचा अभ्रा उलटा केला. "एक मात्र तुम्ही चुकवलंत. आजीचा खेकडा कोणाला धरत नाही. गेलेल्या माणसाची वाट बघत बसतो, एवढंच."

हे काकू अभ्र्याकडे बघून बोलल्या. काकांचं हसू थांबलं. इतकी वर्षं ते प्रत्येक सामन्याला बायकोला हिरव्या बाजूला घेऊन बसले होते, सुरुवातीला तिच्या दंडाला चिमटा काढला होता. तिला कुठे बसायचं आहे, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

ते उठले आणि त्यांनी सेक्रेटरीला फोन लावला. दगडावर 'या काठची' नको, 'या नदीची' लिहा, म्हणाले. जुळाऱ्याच्या डोळ्याला ते जास्त बरोबर दिसतं. आणि 'सोडत नाही' च्या जागी 'वाट बघतो'. सेक्रेटरीने हुज्जत घातली नाही. काकांनी सांगितलंय म्हणजे बरोबरच असणार.

फोन ठेवून त्यांनी अभ्र्याचं दुसरं टोक धरलं. अभ्र्याला दोन माणसं लागत नाहीत, पण काकूंनी ते धरू दिलं.

"रविवारी तिकडच्या बाजूला बसू या," काका म्हणाले.

"तुम्ही? आणि आपला गोल झाला की उड्या माराल त्यांच्यात."

"हात खिशात घालून बसेन."

काकूंनी त्यांच्याकडे नीट बघितलं, वरपासून खालपर्यंत.

"मग तो मोठ्या खिशांचा कोट घाला," त्या म्हणाल्या.