दौंडच्या बाईंनी मागितलेली परवानगी

आमच्या घरातून कोणी दूर निघाले, मग ते मेंढरे घेऊन कोकणात उतरणारे असो की पुण्याला कारखान्यात लागणारे, त्याच्या कपाळी घरातल्या थोरलीने भंडारा लावावा आणि मगच त्याने उंबरठा ओलांडावा, अशी रीत आहे. मेंढरे आता भावकीत एकट्या म्हाळूकडे उरली. आम्ही न्हावऱ्यात ऊस-कांद्याचे शेतकरी झालो. रीत मात्र राहिली, आणि सासूबाई गेल्यापासून भंडाऱ्याची वाटी माझ्या हातात आहे. ही वाटी मी कधी नाकारली असेल असे कोणाला वाटत नाही, कारण नाकारण्याची वेळ माझ्यावर कोणी आणत नाही. माझी नापसंती लोक आधीच ओळखतात.

माझी नात रंभा दोन वर्षांची असताना तिची आई गेली. माझा मुलगा भिमाजी याने दुसरे लग्न केले नाही, त्यामुळे त्या पोरीला मीच वाढवले. तिला न्हाऊ घातले, मारले, शाळेत घातले, आणि गावात एकाही मुलीने पाहिले नव्हते ते कॉलेज दाखवले. ती पुण्याला भौतिकशास्त्र शिकायला गेली तेव्हा मी भंडारा लावला होता. परत येताना ती निम्मीच आली. उरलेली निम्मी दौंडला राहिली.

दौंडला रेल्वेच्या वसाहतीत तिच्या प्राध्यापक बाई राहत. त्यांचे नाव एस्तेर साळवे. मूळच्या केडगावच्या, भावाच्या क्वार्टरमध्ये राहून रोज गाडीने पुण्याला शिकवायला जाणाऱ्या. रंभा सुट्टीला निघाली की आधी दौंडला उतरे, बाईंकडे दोन दिवस काढी आणि मग घरी येई. घरी आली की तिचा चहा बिनसाखरेचा. घड्याळ उजव्या मनगटावर. बोलताना मध्येच थांबून आढ्याकडे पाहण्याची एक नवीनच लकब. हे सारे आमच्या घरचे नव्हते. मी बाईंना अजून पाहिले नव्हते, पण माझ्या नातीच्या अंगावर त्यांना रोज पाहत होते.

एकोणऐंशी सालच्या दसऱ्यानंतर रंभा घरी आली ती गप्प. दोन दिवसांनी म्हणाली, "आज्जी, बाई येणार हायत. तुझ्याशी बोलायचंय त्यांना."

"तुला तोंड न्हाई का?"

"हाय. पण त्या म्हणाल्या, मीच सांगते."

भिमाजी शिरूरच्या बाजाराला गेला होता, हे बरे झाले. त्याने नुसते पाहुण्यांना हसून दाखवले असते.

बाई एस.टी.ने आल्या. माझ्यापेक्षा वीस-पंचवीस वर्षांनी लहान, सडसडीत, पांढऱ्या सुती पातळातल्या. मनात मी त्यांना उंच केले होते. त्या माझ्या खांद्याला लागत होत्या. याचे मला समाधान वाटले.

"बसा बाई. आमच्या घरचं चालंल न्हवं?"

"आक्का, मी केडगावची. भाकरीवरच वाढले. फक्त चहात साखर नको."

"ते ठाऊक हाय," मी म्हटले. रंभा आत चुलीपाशी होती. भांड्याचा आवाज थांबला.

बाईंनी सांगितले. जर्मनीतल्या एका विद्यापीठाने रंभाला तीन वर्षे संशोधनासाठी बोलावले होते. जाण्यायेण्याचे, राहण्याचे सगळे तेच पाहणार होते. घरच्यांची संमती हवी.

माझे उत्तर तयार होते. ते आठवडाभर आधीच तयार होते. कशाला नाही म्हणायचे तेवढे कळायचे राहिले होते. तरी परक्या माणसाला पहिल्या घोटाला नाही म्हणू नये, म्हणून मी विचारले, "तिथं असं काय हाय, जे हितं न्हाई?"

बाईंनी कप खाली ठेवला. त्या क्षणी त्या एकदम तरुण दिसू लागल्या, आणि मला ते आवडले नाही.

"आक्का, जगातली प्रत्येक वस्तू बारीक कणांची. त्या कणांच्या पोटात आणखी बारीक कण असतात, त्यांना क्वार्क म्हणतात. त्यांना एकमेकांशी चिकटवून ठेवणारे ते ग्लुऑन. एकटा क्वार्क कधी कुणाला सापडत नाही. पण काही लोकांना वाटतं, दोन जड अणूंचे गाभे भयंकर वेगानं एकमेकांवर आपटले, तर ते सगळं वितळेल आणि क्षणभर क्वार्क-ग्लुऑनचा नुसता रस्सा होईल. विश्व जन्मलं तेव्हा सगळंच असं होतं म्हणे."

"मग बघा की चाखून."

"चाखायला वेळच नाही. डोळ्याचं पातं लवायच्या कितीतरी आधी तो थिजतो. म्हणून त्या रस्स्यातून बाहेर काय येतं ते बघायचं. त्याच टकरीत कधीकधी कणांचे दोन फवारे उडतात, एकमेकांना पाठ लावून, सारख्याच जोराचे. टक्कर काठाजवळ झाली तर एक चटकन बाहेर पडतो. दुसऱ्याला सगळा रस्सा ओलांडून यावं लागतं. तो थकलेला येतो, कधी येतच नाही. पहिला पूर्ण आला आणि दुसरा आला नाही, तर दुसऱ्याचं काय झालं त्यावरून रस्सा किती दाट ते कळेल. हे अजून कुणी केलेलं नाही. आमची नुसती मांडणी आहे."

"आन् क्वार्क सगळे सारखेच?"

बाईंनी माझ्याकडे नीट पाहिले. "नाही. काही हलके, काही जड. हलका रस्स्यातच मिसळून जातो, मग तो कोणता ते ओळखू येत नाही. जड असतो तो हरवत नाही. धक्के खात, रेंगाळत, पण आपलं रूप राखून बाहेर येतो. वाटेत काय सोसलं ते त्याच्या चालीवरून वाचता येईल."

हे ऐकताच मला भीमेचा उतार दिसला. मेंढरे पाण्यात घालण्याआधी जुनी माणसे जड मेंढा पुढे घालत. कोकरे धारेबरोबर वाहतात, मेंढा पाय रोवून जातो, आणि पलीकडे तो कुठे निघाला, लोकर कुठवर भिजली, यावरून पाणी कळते. रंभा लहान असताना मी स्वतः तिला म्हाळूच्या कळपाबरोबर नदीवर नेऊन हे दाखवले होते. पोरीने विद्या दौंडहून आणली असेल, पण बी माझे होते.

मी आत हाक मारली. "रंभे, बाहेर ये. बाईंना सांगितलंस का, हे जड मेंढ्यावरून कसं सुचलं तुला ते? म्या दाखवलं व्हतं भीमंवर."

रंभा दाराशी आली. तिचे हात पिठाचे होते. "कंचा मेंढा?"

"म्हाळूचा. तू मांडीएवढी व्हतीस."

"न्हाई गं आज्जी. मला आठवतबी न्हाई ते. हे आमी बाईंच्या घरी फळ्यावर काढलं."

खोटे बोलून माझा मान राखावा, एवढेही तिला सुचले नाही. ती पूर्वी खोटे बोलत असे. सत्याचा हा हट्टही बाईंचाच. आणि ते 'आमी'. दोनच अक्षरे त्या शब्दात, पण मला त्यात जागा नव्हती.

"तुमी दोघींनी काढलं," मी म्हटले. "पर आधी खडू कुनाच्या हातात व्हता?"

रंभाने बाईंकडे पाहिले. बाईंनी रिकामा कप उचलला आणि परत ठेवला. मग त्या म्हणाल्या, "तिच्या," आणि घाईने दुसरे काही सांगू लागल्या. तिथे थंडी किती पडते. सहा महिने सूर्य नीट दिसत नाही. भाषा परकी, जेवण परके, आजारी पडली तर पाणी द्यायला कोणी नाही. परत येईल तेव्हा सव्वीस वर्षांची होईल, स्थळे मिळणे कठीण. "तुम्हाला सगळं माहीत असावं म्हणून सांगते, आक्का. फसवून न्यायचं नाही मला."

मी ऐकत होते आणि मनात मोजमाप करत होते. संकटे बाईंच्या तोंडून एकेक धडधाकट बाहेर येत होती. त्यांच्या जोडीने आनंद यायला हवा होता. आपल्या हाताखालची पोर, देशाबाहेरून बोलावणे, कोणाही शिक्षकाची छाती फुगावी. तो एकदाही आला नाही. कुठेतरी आतच विरत होता. आणि नाही म्हणण्यासाठी मला जी कारणे शोधावी लागली असती, ती सारी ही बाई माझ्या पुढ्यात आयती मांडत होती.

"रंभे, भाकरी करपंल," मी म्हटले. ती आत गेली. मी आवाज खाली आणला. "बाई, जागा किती?"

"कसल्या?"

"जर्मनीत. किती जनांना बोलावलं?"

"एकच जागा होती."

"तुमीबी मागितली व्हती."

बाईंनी पदर सारखा केला. तो सारखाच होता. "होय," त्या म्हणाल्या. "शोधनिबंधावर दोघींची नावं होती. त्यांनी तिला निवडलं. मी सत्तेचाळीसची आहे, आक्का. मला पुन्हा कोणी बोलावणार नाही."

परवानगी मागायला आलेली ही बाई माझ्या तोंडून नकार घेऊन जायला आली होती. स्वतः नाही म्हणण्याइतकी ती हलकी नव्हती. म्हणून ती चालत माझ्या दारी आली होती, कारण ते काम मी करीन याची तिला खात्री होती. मी नाही म्हटले असते तर रंभा दौंडलाच राहिली असती. त्याच फळ्यापुढे, त्याच बिनसाखरेच्या चहावर, जन्मभर. आणि माझ्या नकाराबद्दल तिचे सांत्वन कोणी केले असते? बाईंनीच.

मी उठले आणि देव्हाऱ्यातली वाटी आणली.

"रंभे, हात धू आन् ये."

ती आली. मी तिच्या कपाळी भंडारा लावला. "जा. तीन वर्सं म्हंजी तीन वर्सं. चौथं लावलंस तर मी तिकडं येईन."

तिने वाकून माझे पाय धरले, उठली, आणि सरळ बाईंच्या गळ्यात पडून रडली. त्यांचे पांढरे पातळ पिवळे झाले. बाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहत होत्या. त्या नजरेचा मी पुरेपूर उपभोग घेतला, तरी पोर मात्र त्यांच्याच मिठीत होती, हे मला दिसत होते.

जेवणे झाल्यावर बाईंना स्टँडवर पोहोचवायला मी स्वतः गेले. रंभाला घरी थांबवले. दौंडची गाडी यायची होती.

"तुम्ही नाही म्हणाला असतात, तर मला रात्री शांत झोप लागली असती," बाई म्हणाल्या.

"ठाऊक हाय मला."

"मग?"

"मला लागली नसती."

त्या हसल्या. हसताना त्या रंभासारख्या दिसल्या. किंवा रंभा त्यांच्यासारखी हसत असे.

"पत्र पहिलं कुनाला येईल?" मी विचारले.

"मला," त्या म्हणाल्या. त्यांनी विचारही केला नाही. "तिला अडचणी येतील, त्या ती मलाच विचारणार. तुम्हाला खुशालीचं येईल."

गाडी आली, त्या चढल्या, खिडकीशी बसल्या. मी हात केला नाही.

घरी परतले तेव्हा रंभा ओसरीवर कागद पसरून बसली होती. मी तिच्यासमोर बसकर टाकले आणि त्यावर बसले.

"ते जड क्वार्क मला पहिल्यापासून सांग. बाईंना सांगतीस तसं. सोपं करू नगंस."

"आज्जी, त्याला गणित लागतं."

"मग गणितापासून सांग."

तिने सांगायला सुरुवात केली. दिवेलागणीपर्यंत मी ऐकत राहिले आणि मला एक अक्षर कळले नाही. दुसऱ्या दिवशी, भिमाजी कांद्याच्या रोपाविषयी विचारायला आला तेव्हा, मी त्याला नंतर ये म्हणून सांगितले आणि तिला पुन्हा समोर बसवले.