मानाची टेस्ट

माझ्या भावाच्या, ज्ञानूच्या पूनमचं लग्न ठरलं तेव्हा मोडनिंबचे व्याही म्हणाले, हुंडा नको, फक्त मानपान नीट करा. ज्यांनी लेकी दिल्यात त्यांना ठाऊक असतं, यातलं दुसरं पहिल्यापेक्षा जड जातं.

पूनम सोलापुरात एका लॅबमध्ये कामाला आहे. तिची आई चिमाबाई, म्हणजे माझी वहिनी, नुकतीच न्यूमोनियातून उठली होती. आधी साधा फ्लू, मग न्यूमोनिया, मग दवाखाना आणि ऑक्सिजन. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा फ्लू झाला तर फुप्फुसं साथ देतील याची खात्री नाही. आणि नेमकी लग्नाच्या आठवड्यात सगळीकडे खोकल्याची साथ. पूनमने लॅबमधून झटपट टेस्टच्या किट आणल्या. नाकात काडी फिरवायची, पट्टीवर थेंब टाकायचे, थोडं थांबायचं. एक रेघ आली तर माणूस मोकळा, दोन आल्या तर फ्लू. तिचं म्हणणं सरळ होतं, आईच्या जवळ जे जे येणार त्यांची टेस्ट करायची.

हा निरोप घेऊन मोडनिंबला गेले मीच. व्याही बिरुदेव डाळिंबाचे व्यापारी. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, मुलीकडच्यांनी वरबापाच्या नाकात काडी घालायची ही रीत कोणत्या गावची? मग लग्नाचा फेरविचार वगैरे भाषा सुरू झाली. माझा भाऊ मंगळवेढ्याच्या माळावर लांडग्यामागे काठी घेऊन धावलेला माणूस, पण व्याह्याचा फोन आला की उभं राहून बोलतो. तो पूनमला म्हणाला, सोड तो नाद.

तोडगा काढला शहाजीने. शहाजी हा ज्ञानूचा दोस्त, लग्नात माईक धरून सत्कार पुकारणारा. एकदा त्याच्या हाती माईक आला की अक्षता वाळतात पण माईक सुटत नाही.

"काडी घालायचीच न्हाय," तो म्हणाला. "काडीचा मान द्यायचा."

आणि खरोखर तसंच झालं. कुंभारीच्या मंगल कार्यालयात बँड थांबला आणि शहाजीने पुकारलं की वरपिते बिरुदेव यांनी टेस्टचा पहिला मान स्वीकारावा. टॉवेल, टोपी, नारळ आणि मग काडी. पूनमची लॅबमधली मैत्रीण हातमोजे घालून उभी होती. बिरुदेवांच्या डोळ्यांतून पाणी आलं, एक शिंक आली, मांडवाने टाळ्या वाजवल्या. एक रेघ आली.

त्यानंतर जे झालं ते बघायला लाज वाटावी असं होतं. काडीला नाही म्हणणारे सगळे आता काडीसाठी रुसू लागले. नवरदेवाचा चुलता आधी पुकारला म्हणून त्याचा मामा चपला घालून निघाला, त्याला चौघांनी समजावून परत आणलं. माजी सरपंचांनी जाब विचारला की आत्ताच्या सरपंचांच्या दोन्ही नाकपुड्या केल्या, मग माझी एकच का? एकाला एकच रेघ आल्याचं वाईट वाटलं. चिमाबाईच्या आसपासही न फिरकणारे, पहिल्या रांगेत सोफ्यावर बसणारे पुरुष एकामागून एक नाक वर करून स्टेजवर चढत होते.

घरटी एक मान, आणि तोही कर्त्या पुरुषाला, ही आपली रीत. पत्रिका त्याच्या नावाने, आहेर त्याच्या नावाने, मग टेस्ट तरी दुसऱ्या कुणाच्या नावाने होणार? बाईमाणसाला शहाजीने एकदाही पुकारलं नाही. पूनम मुंडावळ्या बांधून खोलीतून बाहेर आली तोवर किट संपल्या होत्या. तिने विचारलं, सासूबाईंची झाली का?

"माजी झाली न्हवं?" बिरुदेव म्हणाले. "निगेटिव्ह हाय. घर आलं की त्यात."

आजूबाजूच्या शिकल्यासवरल्या माणसांनीही माना हलवल्या.

बिरुदेवांची बायको बजाबाई सकाळपासून पदरात खोकत होती. बाई चांगली, जिवाला जीव देणारी, पण तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. अक्षता पडल्या आणि विहीणभेटीची वेळ आली. पूनमने आईला मास्क लावून दिला होता, तो फोटोवाल्याने काढायला लावला. दोघी विहिणी गळ्यात गळा घालून भेटल्या, बजाबाईंना मायेचा उमाळा आला आणि त्याच्या पाठोपाठ खोकला. मी ओटीचं ताट धरून शेजारी उभी होते.

सत्यनारायणाची पूजा व्हायच्या आत चिमाबाई दवाखान्यात पोचली. फ्लू, पुन्हा ऑक्सिजन. पूनम हिरव्या चुड्यानिशी मोडनिंबहून निघाली ती थेट आईच्या खाटेशी. वहिनीला श्वास घेताना बघून मला त्या साऱ्या टॉवेल-टोप्यांचा असा संताप आला की सांगता सोय नाही. ती वाचते की जाते, हे डॉक्टरही बोलेनात. शेवटी एकदाचा ताप उतरला, ती उशीला टेकून बसू लागली, आणि आम्ही सगळे पहिल्यांदा पोटभर जेवलो.

त्याच दुपारी बिरुदेवांचा फोन आला. ज्ञानू उभा राहिला. आवाज एवढा मोठा की आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. सून आता परत पाठवा, म्हणाले, पण दवाखान्यातून येतेय तर आधी तिची टेस्ट करून पाठवा. आमच्या घरात आजार यायला नको. ज्ञानू व्हय व्हय म्हणत मान हलवत होता. पूनमचा चेहरा लाल झाला.

चिमाबाईने हात पुढे केला. मला वाटलं पाणी मागतेय. तिने फोन मागितला होता. आजवर ती व्याह्यांच्या समोर पदर सावरून भिंतीशी उभी राहिली होती, एक शब्द बोलली नव्हती. तिने तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला ओढला, दम घेतला.

"पावनं, आदी इहीनबाईची टेस्ट करा. मग लेक धाडते."

 तिकडून आवाज आला तो बजाबाईंच्या खोकल्याचा.